इतर हक्क

निनादच्या पात्राच्या कागदावर
'जीव' लिहिलेल्या चौकटीत भोक पडलंय.
सात वर्षं तिथं पेन्सिलीनं लिहिलं, खोडलं:
चोवीस, एकोणीस, तीन,
पुन्हा चोवीस.
कागद ट्यूबलाइटसमोर धरला
की उजेडाचा एक ठिपका पडतो
करावे गावातल्या तांडेलांच्या ओटीवर,
चटईवर, वीस बाजूंच्या फाशावर,
शेरॉननं जुईनगरहून आणलेल्या गार समोशांवर.

नवी आवृत्ती आली एप्रिलात.
जाड पुठ्ठा, ओल्या शाईचा वास.
पान एकशे बारावर कळलं
की इतकी वर्षं ज्याला आपण नेम म्हणत होतो
ते आता कौशल्य आहे,
बुटक्यांनाही विष चढतं,
आणि मेलेला माणूस तीन फाशांत परत येऊ शकतो.
"म्हणजे माझी जादूगारीण फुकटच मेली,"
इम्तियाज म्हणाला.
कुणी हसलं नाही. ती मेली त्या रात्री
तो पामबीच रोडनं एकटा चालत घरी गेला होता.

तरी भांडण आवृत्तीचं नव्हतं.
आवृत्त्या येतात.
गावाला सेक्टरचा नंबर लागला
म्हणून गाव काही नंबराला ओ देत नाही.

भांडण शेवटच्या पानाचं, बारीक टायपातलं.
जुना परवाना म्हणत होता, घ्या,
आमच्या नियमांवर तुमची गोष्ट बांधा, विका,
फक्त मागे नावं लावत चला. कायमचं.
आम्ही घेतलं.
मिठागऱ्या नावाचं पात्र रचलं,
हातात लाकडी फळी, कमरेला पिशवी,
मिठाची रेघ ओढून भुताची वाट अडवणारा.
बत्तीस पानं, वाशीला छापलेल्या दोनशे प्रती.
एकशे एक्केचाळीस अजून माझ्या पलंगाखाली.
एक मात्र कशी कोण जाणे पोलंडात पोचली
आणि तिथल्या कुणा बाईनं
आमचा मिठागऱ्या मिठाच्या खाणीत उतरवला,
तीनशे पायऱ्या खाली.
तिच्या पुस्तकाच्या शेवटी कंपनीचं नाव,
त्याखाली आमची चार, देवनागरीत,
'तांडेल'ची मात्रा शेजारच्या अक्षरावर गेलेली,
त्याखाली तिचं.
सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात
चढत जावीत तशी.

आता कंपनी म्हणते, कायमचं म्हणजे
आम्ही मागे घेईपर्यंत.
नवा परवाना घ्या. हिशेब दाखवा.
तुमचं जे, ते आमचंही.

इम्तियाज लॉच्या दुसऱ्या वर्षाला.
"नियम कुणाचे नसतात, शब्द असतात.
लंगडीचा मालक कोण?"
"लंगडीचं कुणी पुस्तक विकलं नाही म्हणून,"
शेरॉन म्हणाली.

रोहिदासकाका पायरीवर जाळं विणत होते.
आमच्या भुतांकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.
"कायमचा, असा कागदान लिवलेला व्हता ना?"
हो.
"परत घेनार नाय, असा लिवलेला का?"
आम्ही शेवटचं पान वाचलं, दोनदा.
नव्हतं.
"मंग," म्हणाले, आणि दोरा दातानं तोडला.
कपाटावरच्या पिशवीत त्यांचे सगळे कागद आहेत,
मिठागर गेलं तेव्हापासूनचे,
साडेबारा टक्के म्हणता म्हणता
हातात पावणेनऊ पडले त्याचेही.

जगभर ओरड झाली म्हणे.
कंपनी नमली. जुना परवाना राहील,
नियमांचा गाभा सगळ्यांचा,
आणि या खेपेला ठळक अक्षरांत
'रद्द करता येणार नाही'.
निनादनं बापाला वाचून दाखवलं.
"सही कोनाची?" काकांनी विचारलं.

शनिवारी खेळायला बसलो.
आवृत्ती जुनीच. नवीतला एकच नियम घेतला,
तीन फाशांचा, तोही मागच्या तारखेपासून लागू.
इम्तियाजनं जादूगारिणीचा कागद आणला होता,
घडीवर विरलेला.
पहिला फासा चार.
दुसरा अठरा.
तिसरा घरंगळला पायरीकडे
आणि जाळ्यात अडकला.
काकांनी सोडवून हातात घेतला.
आता आकडा कुठला धरायचा
हे कुठल्याच आवृत्तीत नाही.
त्यांनी तो उजेडात फिरवून पाहिला,
मग इम्तियाजकडे बघितलं.
"ही बाय मेली कवा?"