क्नेडलिकचा कोपरा

मी बशी ठेवली दाराजवळच्या कोपऱ्यात,
कारण तिथे माझा हात सहज पोचतो.
साबणाची जुनी बशी, एक कड उडालेली,
तिच्यात दोन चमचे वाळू, बारीक, कोरडी.
मांजराची नको, दुकानदार म्हणाला,
ती पोटात गेली तर गोळा होतो.
क्नेडलिकने बशी हुंगली,
आत बसून मिशा साफ केल्या,
मग तिरका चालत पार समोरच्या कोपऱ्यात गेला,
शेपटीचा ठिपका वर केला
आणि मुतला.

मी रात्री ट्राम धुते, मेडलांकीच्या डेपोत.
अडीचपर्यंत एकोणीस डबे.
घरी येते तेव्हा ब्रनो झोपलेलं असतं,
जागे आम्ही दोघंच:
मी, आणि हा केसाळ उंडा.
क्नेडलिक म्हणजे तेच,
रविवारी रश्शाबरोबर खायचा उकडलेला गोळा.
नाव अपोलेनाने ठेवलं.
अपोलेना नऊ वर्षांची. एक आठवडा माझी,
एक आठवडा ओलोमोउत्सला, बापाची.
कोर्टाच्या कागदात हॅमस्टरचा उल्लेख नाही,
म्हणून तो इथेच राहिला.
जाताना बुटाची नाडी बांधत म्हणाली,
मी येईपर्यंत शिकव हं त्याला.

सोमवारी भिजलेला भुसा चिमटीने उचलून बशीत टाकला,
वासाने कळेल म्हणून.
मंगळवारी त्याने तो बाहेर ढकलला
आणि बशीत सूर्यफुलाच्या बिया साठवल्या.
अकरा. मोजल्या मी.
बुधवारी बशीतच झोपला.
गुरुवारी मी हात टेकले,
सगळं उपसून पिंजरा व्हिनेगरने घासला,
ट्रामची काच घासावी तसा,
मुकादमाला बोट ठेवायला जागा मिळू नये असा.
आणि तो बिथरला.
हुंगत, थांबत, पुन्हा हुंगत
रात्रभर भिंतीभिंतीने फिरला,
जाईल तिथे थेंब टाकत,
पुसलेल्या पाटीवर
आपलं नाव परत लिहीत असल्यासारखा.

खालच्या ह्र्दलिच्कोव्हाबाई, जन्मभर ससे पाळलेल्या,
जिन्यात बटाट्याची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या,
एवढं धुतेस कशाला, बाई? थोडा वास ठेव.
आणि कोपरा ठरवणारी तू कोण?
जागा त्याने धरलीय. बशी तू हलव.

हलवली.
आता साफ करायला खांद्यापर्यंत हात घालावा लागतो,
बाहीला भुसा चिकटतो.
एक चिमूट ओलं तसंच राहू दिलं.

शनिवार माझा धुण्याचा.
ती यायच्या आदल्या दिवशी
चादर, अभ्रा, पायजमा, सगळं साठ डिग्रीवर.
मागच्या खेपेला आल्या आल्या
उशीत नाक खुपसून ती म्हणाली होती,
आई, इथे हॉटेलसारखा वास येतो.
मला ते कौतुक वाटलं होतं.

अभ्रा काढायला वाकले.
त्यावर जर्दाळूच्या जॅमचा एक डाग,
एक लांब केस,
आणि तिच्या डोक्याचा तो वास,
थोडा घामाचा, थोडा खोडरबराचा.
धुण्याचं यंत्र उघडं, वाट बघत.
बराच वेळ तशीच उभी होते.
मग नुसती चादर टाकली.

त्या रात्री पावणेतीनला
क्नेडलिक बशीत चढला,
मागे मागे सरकत कोपऱ्याला टेकला,
डोळे अर्धे मिटले.
वाळूत एक काळपट वर्तुळ पसरलं,
कोरुनाच्या नाण्याएवढं.
टाळी वाजवणार होते,
पण इमारत झोपलेली.
भोपळ्याची एक बी दिली.
ती त्याने गालात कोंबली, आणि माझ्याकडे पाठ केली.

लेंड्या मात्र अजून वाटेल तिथे टाकतो,
चाकातसुद्धा. चाक फिरलं की उडतात,
एक परवा माझ्या चहाच्या कपाशेजारी सापडली.
ते अपोलेनाला
इतक्यात सांगायचं नाही.