साठाचं माप

खानापूरची शेवटची बस माझ्यादेखत वळली.
वडापवाला काच खाली करून म्हणाला, आता उद्याच, सायब.
मग पेटी उचलली. लोखंडी, नऊ किलो:
आत पितळी वजनं, काचेची मोजनळी,
शिक्का मारायची हातोडी,
पंचनाम्याचे कागद, कन्नडात छापलेले.
आणि चढलो जांबोटीच्या फाट्यावर
तेवढ्या एकाच उजेडाच्या पायऱ्या.

पाटीवर वर कन्नड, साठ टक्के, नियमाला धरून.
खाली मराठी, उरल्या जागेत अंग चोरून.
मी डोळ्यांनीच मोजलं. खोड जात नाही.
नाव दोन्हीकडचं पुसलेलं,
राहिलंय फक्त: लॉजिंग, बोर्डिंग,
आणि कलत्या बाटलीचं चित्र.

गल्ल्यावर रेमेदीनबाई, स्वेटरवर मफलर.
'येयात, बसात.'
मग माझ्या कपाळाकडं बघून, 'ऊटा आत्री?'
मग पेटीकडं बघून, 'तपासणी हाय काय?'
तिसऱ्या भाषेत काटा स्थिर झाला.
सकाळी, मी म्हटलं. आत्ता नुसती खोली.

किल्लीवर आठ नंबर.
खोल्या तर तीनच.
'बाकीच्या पाच इनासच्या मनात होत्या,'
ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या फोटोखालून
एक जादा घोंगडं काढून दिलं.

नाचणीची भाकरी, कुळथाची आमटी, भाजलेलं सुकट.
मग वर. जमीन फळ्यांची,
फटींतून बारचा पिवळा उजेड छतावर,
माझ्या अंगावर त्याच्या रेघा.
जानेवारीची थंडी, चोर्ल्याकडून आलेली,
आणि खालून माणसं, एकेक करून, कानात.

गोव्याला टाईल्स नेणारा ड्रायव्हर
बायकोला फोनवर सांगतोय, घाट उतरलो गं.
लाईनमन म्हणतोय, डीपीपाशी गवा उभा आहे,
लाईट येणार नाही, त्याला विचारा.
कुणीतरी: पुढच्या महिन्यात केस लागलीय म्हणे.
कुठली?
तीच.
हसले सगळे. कन्नडवाले जरा उशिरा,
पण तितकंच.

आणि दर थोड्या वेळानं
माप ओट्यावर टेकल्याचा आवाज. टण्.
मी मोजत गेलो. एकतिसाव्याला झोप लागली असावी.
होन्नाप्पा घाडी नावाचा कुणी एकटाच
कसलीशी आरती अर्धी म्हणत होता,
पुढचं कडवं त्याला रात्रभर आठवलं नाही.

सकाळी ओटा पुसलेला, खुर्च्या टेबलांवर उलट्या.
तिनं माप पुढं केलं. मी पाण्यानं भरलं,
नळीत ओतलं, डोळा रेषेवर आणला.
चौसष्ट.
पुन्हा ओतलं.
चौसष्ट.

एकवीस वर्षांत मी बुडं वर ठोकलेली मापं पाहिली,
आत मेण लावलेली, तळाशी नाणं चिकटवलेली.
हे उलटं होतं. तळ बाहेरच्या बाजूला फुगलेला,
सावकाश, कुणी निगुतीनं ठोकल्यासारखा.

'इनासनं ठोकलं. मुसळीनं.
म्हणायचा, घाट चढून माणूस येतोय,
चार थेंब वाटेतच सांडलेले असतात त्याचे.'
'किती वर्षं झाली?'
'तो जाऊन बारा.'
'तक्रार कुणाची?'
ती माझ्याकडं बघत राहिली.
माझं मलाच कळलं.

कायद्याला कमी आणि जास्त सारखंच.
मी लिहिलं: चूक, अधिक चार, जप्त.
अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.
नवं माप तिच्याकडं होतंच,
कागदात गुंडाळलेलं, कधी न वापरलेलं.
ते बरोबर साठ निघालं. शिक्का मारला.

तिनं ते हातात फिरवून बघितलं,
पाणी भरलं, ग्लासात रिकामं केलं,
आणि मग तांब्या, मापाशिवाय,
ग्लासावर जरासा कलता केला.
सराव करत होती.
मी पेटीची कडी लावत होतो. मला दिसलं नाही.

बसचा हॉर्न पुलापाशी वाजला.
खोलीचे तीनशे मी ओट्यावर ठेवले.
तिनं मोजले नाहीत.