शेरा

लिफ्ट त्या दिवशी बंद होती.
कर्वे रोडवरचं आमचं ऑफिस, चौथा, शेवटचा मजला.
अकराच्या मुलाखतीला निनाद रास्ते धापा टाकत आला.
पाणेरकर म्हणाले, "पोरगा उत्साही दिसतो."
साडेअकराला वैजयंती ढमढेरे आल्या.
तोच जिना, तितकीच धाप.
पाणेरकरांनी माझ्याकडे पाहिलं.
आडनाव वाचतानाच ते थोडं हसले होते.

खुर्ची हातांची होती.
त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे,
आणि कडेला अर्ध्याच टेकल्या,
सवय असल्यासारख्या.
बिनहातांची खुर्ची शेजारच्या खोलीत होती.
मी उठलो नाही.

सतरा वर्षं स्ट्रक्चरल ऑडिट.
भोसरीतल्या शेड, कॅम्पातल्या जुन्या इमारती,
नदीकाठच्या सोसायट्यांचे भिजलेले खांब.
जाडजूड फाइल. कोणी उघडली नाही.

"परांचीवर चढणं जमतं?"
"परवाच उंड्रीत बाराव्या मजल्यावर होते."
"नाही, म्हणजे... तब्येतीचं म्हणतोय."
"उत्तम. तुमची?"
पाणेरकर हसले, मग हसायचे थांबले.

त्या वर बघत होत्या, आमच्या डोक्यावरच्या बीमकडे.
"गच्चीवर पाण्याची टाकी वाढवलीय का हल्ली?"
वाढवली होती. दिवाळीच्या आधी.
"केसाएवढी भेग आहे. घाबरू नका.
टोकाशी पेन्सिलने रेघ मारा, तारीख घाला,
आणि बघत राहा."

त्या गेल्यावर चहा आला.
"हुशार आहे हो बाई. पण क्लायंटसमोर..."
पाणेरकरांनी वाक्य तिथंच सोडलं.
पुण्यात वाक्यं अशीच सोडतात,
पडल्याचा आवाज होत नाही.

शेऱ्याचा रकाना माझ्याकडे होता.
भार किती, कुठून येतो, कशावर उतरतो,
हे काढण्यात माझा जन्म गेला.
त्या दिवशी एकही आकडा न मांडता लिहिलं:
'फील्डवर्कसाठी योग्य वाटत नाहीत.'
अक्षर माझं सुरेख आहे, सगळे म्हणतात.

निनाद चांगला मुलगा आहे.
बीमकडे त्यानं अजून पाहिलेलं नाही.

रेघ मात्र मी मारली होती,
संध्याकाळी, सगळे गेल्यावर, टेबलावर स्टूल ठेवून.
नऊ जानेवारी.
उतरताना मला धाप लागली.
पाहायला कोणी नव्हतं.

आज पुन्हा चढलो.
भेग तारखेच्या
दोन बोटं पुढे गेली आहे.