एक हजार एक

पहिले तीन रविवार आकाश नव्हतंच.
चार फुटी बाकडं होतं, खाली भाताचा पेंढा,
आणि सुभेदार घाडी, शिट्टी दातात धरून:
"तळवे. पोटरी. मांडी. कुल्ला. पाठ.
या क्रमाने द्यायचं शरीर जमिनीला,
एकदम सगळं देऊन टाकायचं नाही."

मी आचऱ्याला बँकेत कॅशियर. वय एकेचाळीस.
कुल्ला हा शब्द चारचौघांत ऐकून
आधी हसले, मग चाळीस वेळा पडले.
सोमवारी नोटा उभ्यानेच मोजल्या.

"पडाक पैशे देतंस?" बाबांनी विचारलं.
बाबा पाडेली. तीस वर्षं माडावर,
पायात दोराचं वेढं, कमरेला कोयती,
आणि एकदाच खाली.
तेव्हा कुणी पेंढा घातला नव्हता.
उजवा गुडघा अजून वळत नाही.

चौथ्या रविवारी छत्रीची घडी.
शाळेच्या हॉलमध्ये ताडपत्रीवर लाल पसारा,
आणि दोऱ्यांचा मी केलेला गुंता.
झाडायला आलेली आवडाबाय खोबरेकर
झाडू टेकवून खाली बसली.
"रापणीचा जाळा असाच. ओढू नको गो.
ओढलंस काय गाठ घट्ट होता. सैल कर."
सुभेदार दारातून बघत होते.
पुढच्या रविवारी त्यांनी हेच वाक्य
आम्हाला स्वतःचं म्हणून शिकवलं.

मग विमान.
सड्यावर कातळातली धावपट्टी,
पहाटेचा मतलई; नऊच्या आत आटपायचं,
नंतर खारा वारा सुटतो, तो कुणाचं ऐकत नाही.
साडेतीन हजार फुटांवर दार उघडलं.
माझ्या आधीचा कुडाळचा पोरगा
पाटीवरून पुसल्यासारखा नाहीसा झाला.
मी दारात बसले. पाय बाहेर.
पाय आत.
विमानातून विमानाबरोबरच उतरले.
कुणी हसलं नाही, त्याचाच राग आला.
"चहा घ्या," सुभेदार म्हणाले.

रात्री बाबा ताटावरून मान वर न करता:
"खाली बघलंस?"
"हो."
"फुडच्या चुडताक बघूचा.
जमीन खंय जाता? ती थंयच आसा."

सहाव्या रविवारी दारात बसून
पंखाखालच्या दांड्याकडे पाहिलं.
खांद्यावर थाप.

एक हजार एक
(जन्मभर हजार मोजले, इतके सावकाश कधी नाही)
एक हजार दोन
पोट वरच राहिलं, विमानात
एक हजार तीन
कोण ओरडतंय? मीच
एक हजार चार
वर बघ.

वर छत्री, भरलेली, चारही कोपऱ्यांनी.
दोऱ्या सरळ. कुठे गाठ नाही.
आणि अशी शांतता
की खाडीपलीकडचा कोंबडा ऐकू आला.

माडांची डोकी पहिल्यांदाच वरून पाहिली.
बाबांनी एकेक पाहिलं असेल, जवळून, हजारदा,
एवढी एकत्र कधीच नाही.
कुंपणापाशी काठी टेकून एक ठिपका,
मान वर.
लहानपणी मी तशीच उभी असायचे
"बाजूक हो गो!" ऐकू येईपर्यंत.
मला तसं काही ओरडता आलं नाही.

हेल्मेटमधला रेडिओ खरखरला:
"डावा ब्रेक. डावा.
बाई, तुमचा दुसरा डावा!"

उतरले ती गावकरांच्या कुळथात.
तळवे, आणि मग थेट कुल्ला.
पोटरी, मांडी वाटेतच राहिल्या.
गावकरीण विळा घेऊन आली, नासाडी पाहिली,
दीड शेराचे पैसे सांगितले. दिले, मोजून.

बाबा बांधावरून हळूहळू आले.
बोलले नाहीत. खांद्यावरचा पट्टा
अंगठ्याने चाचपला, दोर चाचपायचे तसा.
"शिवण बरी आसा."

माझ्या वहीत सुभेदारांचं अक्षर,
खालच्या ओळी सगळ्या कोऱ्या:
उडी: एक.
शेरा: पाय जुळले नाहीत. परत.