सीलबंद पाकीट

बत्तीस वर्षं मी बडोद्याच्या पाण्याचा दाब सांभाळला.
आजव्याहून निघालेली जुनी बिडाची लाइन
कुठे घुसमटते, कुठे सुस्कारा टाकते,
रात्री दोन वाजता रस्त्याला कान लावून सांगायचो.
म्हणून डॉक्टर मजमुदारांनी फिल्म उजेडात धरली
तेव्हा समजावून सांगावं लागलं नाही.
"फुगा आलाय," मीच म्हणालो. "फाट्यावर."
तिथेच येतो.

मांडीतून तार सरकवत नेऊन त्यांनी तो भरला
प्लॅटिनमच्या वेटोळ्यांनी.
बाहेर बाकावर शशिकला हिशेब मांडत होती,
की मंगळसूत्राहून महाग ऐवज
आता ह्यांच्या डोक्यात,
आणि अडीनडीला तो मोडताही येणार नाही.

त्यानंतर घर हळू आवाजात बोलू लागलं.
तिसऱ्या शिट्टीआधी गॅस बंद.
उत्तरायणाला मला गच्ची बंद,
"काप्यो छे!" ची आरोळी मी खाली
मऊ भात कालवताना ऐकली.
रात्री इसबगोल, न चुकता, दोन चमचे,
कारण कुंथायचं नाही, असं लेखी दिलं होतं.

ऋजुता लेहला. हवामान खात्यात.
साडेअकरा हजार फूट.
तिची पोर फोनवर आबा म्हणायला शिकली,
फोनलाच आबा म्हणायला लागली.

आठव्या महिन्यात, दुसरी अँजिओग्राफी चांगली आल्यावर,
मी दबकत विचारलं.
"जा की," मजमुदार म्हणाले.
"विमानात हवा विरळ असते, सात-आठ हजार फुटांवर असावी तशी.
पण तुमच्या त्या जागी हवा आहे कुठे?
रक्त आहे, तार आहे. फुगेल काय?"
मला लाज वाटली.
हे मी त्यांना सांगायला हवं होतं.
पाणी फुगत नाही. दगा देते ती लाइनीत कोंडलेली हवा.
"लेहला पोचल्यावर मात्र दोन दिवस नुसतं लोळायचं.
बीपीची गोळी चुकवायची नाही.
डोकं ठणकलं तर मर्दुमकी न दाखवता दवाखाना."

हरणीच्या विमानतळावर
कॉइलचं कार्ड मी वरच्या खिशात ठेवलं,
चार वाक्यं पाठ केली, हिंदीतून.
चौकटीतून गेलो. चौकट गप्प.
शशिकलाच्या बांगड्या वाजल्या.
मी नाही.
खरं सांगतो, थोडा अपमान वाटला.
एवढं रामायण घडलं, आणि यंत्राच्या गावीही नाही.

मग वर.
पावागड खिडकीत आला, कुणीतरी
ताटाच्या कडेला सारलेल्या घासासारखा.
शशिकलाने माझं मनगट धरलं होतं,
प्रेमानं नव्हे, नाडीसाठी.
ओठ हलत होते. आकडे की स्तोत्र, विचारलं नाही.

इतक्यात तिच्या मांडीवरच्या पिशवीत
काहीतरी कुरकुरलं.
लेकीसाठी घेतलेलं भाकरवडीचं पाकीट
फुगत होतं.
आधी सुरकुत्या गेल्या, मग कोपरे ताठ झाले,
मग ते उशीसारखं टम्म होऊन
पिशवीबाहेर डोकवायला लागलं.
ती पाकिटाकडे बघे, माझ्या कानशिलाकडे बघे,
परत पाकिटाकडे.
"फुटेल?"
कशाबद्दल विचारलं, ते तिलाही ठाऊक नसावं.
"त्यात हवा आहे," मी म्हणालो.
"आणि?"
"माझ्यात नाही."

तिनं मनगट सोडलं.
पाकिटाचा कोपरा दातात धरून
टरकन फाडला.
फुस्स. पुढच्या रांगेतले दोघे वळले.
"लेकीला दुसरं आहे," ती म्हणाली,
आणि बऱ्याच महिन्यांनी माझ्याआधी
स्वतःच्या तोंडात घास टाकला.

पुढे दिल्ली. बाकड्यावरची रात्र.
मग पहाटेचं ते विमान,
ज्याची माहिती मला अजून काहीच नाही.
दाढेत तिळाचा एक दाणा अडकला होता.
उतरेपर्यंत माझं सगळं लक्ष
त्याच्याकडे.