साडेआठ जाळी

शनिवारी मला सुट्टी असते, फिडरला नसते.
म्हणून मोबाइल पाळीवर, चपलेत ठेवते.
शेजारी इस्तारी वलथरे,
फाटलेलं जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून शिवत.
वाजला तर हाक माराल ना, काका?
"वाजन त मीच उचलन. सांगन,
लाइनवाली बाई पान्यात हाय."

पंधराशे मीटर पाणी,
मग चाळीस किलोमीटर सायकल,
मग दहा किलोमीटर पाय.
हे सगळं एका सकाळी, लागोपाठ, मार्चात.
सायकल आठवडाभर होतेच,
कॅरियरला दोर, हँडलला डब्याची पिशवी.
पाणी आणि पाय मात्र शनिवार-रविवारचे.

तलावात मीटर कुठून असणार.
इस्तारीनंच डोंग्यातून जाळी सोडत मोजून दिलं होतं :
पाळीपासून शिंगाड्याच्या कडेच्या बांबूपर्यंत
दहा जाळी, एकेक पंचवीसचं.
जायचं, बांबूला हात लावायचा, यायचं,
तीनदा.

सकाळी पाणी वरून वाफाळतं
आणि आत गेलं की दात वाजतात.
आडया उठतात, शिट्ट्या घालत, दूर जाऊन बसतात.
कमळाचे देठ पोटाला घासतात.
हात माझे खांबावर चढून चढून घट्ट झालेले,
पाण्यात ते नुसते आपटतात.
"हानते काऊन त्याले?" इस्तारी पाळीवरून.
"त्यानं का बिल थकवलं तुहं?"

एकदा विचारलं त्यानं, जिंकलं त काय भेटते?
मेडल. आणि एक बनियन.
आन हारलं त?
तरी मेडल, पूर्ण केलं तर.
सुईत दोरा ओवेपर्यंत तो गप्प होता.
"मंग बरा खेर हाय."

पहिल्या शनिवारी चव्वेचाळीस मिनिटं.
मग बेचाळीस. मग चाळीस.
काल अडतीस!
ओल्या केसांनी मी पाळीवर नाचले,
शेळ्या चारणारी प्रणोती हसून हसून खाली बसली.
इस्तारी हसला नाही.
"बाई," म्हणाला, "उन्हाळी धानासाठी
तुडुम उघडून महिना झाला.
तलाव मांग सरकून राह्यला.
बांबू गाराऱ्यात येते, तुहे पाय फसतीन,
म्हून दर शुक्रवारी मी थोडा अलीकडं रोवतो.
आता साडेआठच जाळी हायेत."

डायरीत हिशेब मांडला.
दहा जाळ्यांचा भाव काढला
तर पहिल्या दिवसापेक्षा
बेचाळीस सेकंद जास्तच.
इतके दिवस मी नाही,
तलावच घाईत होता.

आज रविवार.
खांब सरकत नाहीत.
दोन खांबांत साठ मीटर,
कुठं पंचावन्न भरतील, पण रजिस्टरात साठच.
मुरपारहून त्र्याऐंशी खांब,
त्यापुढं वीस मीटर, बोरिंगपर्यंत,
दांड्याला हात लावायचा, एक घोट प्यायचा, मागं फिरायचं.
एका बाजूला लाखोरी, निळी, गुडघ्याएवढीसुद्धा नाही.
दुसरीकडं पुंजण्यांच्या जागी उरलेली गोल तणीस.
एक कुत्रं चाळिसाव्या खांबापर्यंत सोबत आलं
आणि विचार बदलून परतलं.

पोटऱ्या भरून आल्या.
तारा वर हूं हूं करत होत्या, भर लोडात,
कुणाचा तरी पंप चालू,
म्हणजे तुडुमाचं पाणी तिथं पुरत नसणार.
मी खांब मोजत होते आणि मधेच
जाळी मोजायला लागले,
चुकले, पुन्हा खांब.

पुढच्या शनिवारी चार फेऱ्या.
आठ जाळी उरली तर चार फेऱ्यांचे सोळाशे होतात,
शंभर जास्त. होऊ देत.
बांबू मात्र तुम्हीच रोवा, काका,
आणि मला आधी सांगा.

एकाहत्तराव्याचा स्टे ढिला पडलाय.
पळता पळता हातानं हलवून बघितला.
सोमवारी.