बदली

वहीत मी मिनिटं लिहितो.
गुण लिहायला टेबलावर दाभाडे आहे,
त्याचं अक्षरही चांगलं आहे.

सुमेध सूर्यतळ. सहा फूट पाच.
त्याचे बूट जालन्यात मिळत नाहीत.
चेंडू हातात आला की चुलीवरचं भांडं धरल्यासारखा धरतो
आणि लगेच कुणाला तरी देऊन टाकतो.
फ्री थ्रोला उभा राहिला
की आमचा अख्खा बाक जमिनीकडे बघतो.

पण तो रिंगखाली असला
की समोरचा पोरगा सुसाट येतो, वर बघतो,
आणि त्याला एकदम
कोपऱ्यातल्या मित्राची आठवण होते.
याची नोंद कुठल्याच कागदावर नसते.
म्हणून वहीत एक रकाना मी आखून घेतलाय,
परत गेले.
परभणीविरुद्ध अकरा जण परत गेले.

अडचण एवढीच
की त्याच्यात चाळीसातली अठराच मिनिटं आहेत.
सिमेंटचं कोर्ट, एप्रिल,
सकाळी नऊलाच तळवे भाजतात.
सहाव्या मिनिटाला तो गुडघ्यांवर हात टेकतो,
सातव्याला पायांचं काम हाताने करायला जातो.
शिट्टी.
अशा पाच शिट्ट्या म्हणजे खेळ संपला.
म्हणून बसवतो त्याला,
तो डोक्यावर टॉवेल घेतो, माझ्याकडे बघत नाही,
आणि भिंतीवर बसलेली पोरं ओरडतात,
'सर, जिराफ काय शोभेला पाळलाय का!'

एका संध्याकाळी त्याचा बाप आला.
रोलिंग मिलमधला माणूस, एक भुवई जळालेली.
मी उत्तरं तयार ठेवली होती:
गुडघा, फाउल, संघाचं हित.
त्यांनी चहा बशीत ओतला.
'भट्टीम्होरं माणूस वीस मिन्टं हुबा करतेत, सर.
मग बदली.
दया येती म्हणून न्हाई.
एकविसाव्या मिन्टाला सळई तिकडून येती
अन् माणूस हिकडं बगत ऱ्हातो.
पोरगं बसून असतंय म्हणून न्हाई आलो.
तुमचं घड्याळ नीट चालतंय का,
तेवढंच बगायला आलतो.'
बशी धुऊन ठेवून गेले.

तेव्हापासून घड्याळाहून जास्त मी त्याच्या टाचा बघतो.
टाच जरा उशिरा उचलली
की उठून टेबलाकडे जातो.

तरी नांदेडविरुद्ध चुकलोच.
पाच गुणांनी पुढे होतो, हाव सुटली,
म्हटलं आणखी एकच मिनिट.
टाच दिसत होती मला.
चौथी शिट्टी.

मग तो बाकावर, आणि आमची आघाडी
उन्हात ठेवलेल्या बर्फाच्या लादीसारखी.
भिंतीवरची पोरं माझ्या नावाने ओरडू लागली.
मी खडूचा तुकडा बोटांत फिरवत बसलो.
तेव्हा तो दोन खुर्च्या सरकून माझ्या शेजारी आला.
'सर, दोनच मिनिटं उरलीत माझ्यात.
कुठं खर्चायची ते सांगा.'

'थांब,' म्हटलं.
दोन बास्केट झाल्या. 'थांब.'
आणखी एक.
शाळेत लागल्यापासून
मी एवढं महाग काही राखून ठेवलं नव्हतं.

एक मिनिट चाळीस सेकंद असताना सोडलं.
नांदेडचा सात नंबर तीनदा आत आला.
दोनदा वर बघून वळला.
तिसऱ्यांदा वळला नाही,
दोघं एकदमच उडाले,
आणि चेंडू रिंगवर फिरत राहिला, फिरत राहिला.

काय झालं ते दाभाडेच्या कागदावर आहे.
माझ्या वहीत: परत गेले, दोन.

भिंतीपाशी, गर्दीच्या मागे,
जळक्या भुवईचा माणूस
मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघत होता.

सुमेध बूट सोडत होता.
'किती झाली, सर?'
'साडेसतरा.'
त्याने बोटांवर हिशेब केला.
'म्हणजे अर्धं उरलं.'

राहू दे, म्हटलं.